हेर श्ट्रोम काय म्हणाले

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या दोन मित्रांपाशी बाकी सगळं ओकतो, त्यांनाही नाही. किस्सा म्हणून तो वाईट नाही, जेवणानंतर चांगला रंगेल. परदेश आहे, संप आहे, जर्मन पुढारी आहे, चाकणचे फिटर आहेत. अडचण एवढीच, की त्यात मी आहे. मला वगळून तो सांगता येतो का, हे मी करून पाहिलं आहे. येत नाही.

गोष्ट तशी लहानच. एका माणसाने भाषण केलं आणि मी त्याचं भाषांतर केलं. यात कबूल करण्याजोगं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच विचारत आलो. फरक इतकाच, की मला उत्तर माहीत होतं.

थांबा — आधी माणूस सांगतो.

एर्विन श्ट्रोम. सगळे त्यांना हेर श्ट्रोम म्हणायचे, हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. कार्ल्सरूहेपासून तासाभरावर, डोंगरांच्या कुशीतल्या एका छोट्या गावात मोटारींचे पत्रे दाबून काढणारा कारखाना होता, तिथले कामगार पुढारी. पुढारी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं — कडक इस्त्री, मागे चार माणसं, पुढे गुच्छ — ते कृपया पुसून टाका. हे गृहस्थ सायकलवरून यायचे. पँटचा पाय साखळीत जाऊ नये म्हणून घोट्याला क्लिप लावायचे आणि ती काढायला विसरून दिवसभर तसेच बैठकांना बसायचे. एकदा मंत्री कारखाना बघायला आले, तेव्हाही क्लिप होतीच. मंत्र्यांच्या भाषणापेक्षा मला ती जास्त विश्वासार्ह वाटली होती.

वय चौदा असताना ते तिथल्या टूलरूममध्ये उमेदवारीला लागले. त्याच आठवड्यात युनियनचं कार्ड घेतलं, काही वर्षांनी सोशल डेमोक्रॅट पक्षाचं. मधे एकदा राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. एकच मुदत. तिथे काय केलंत, असं विचारलं की म्हणायचे, "दोन बसथांबे आणि स्टेशनवरचा एक संडास. संडास अजून चालू आहे." मग परत कारखान्यात आले आणि बेट्रीब्सराटचे अध्यक्ष झाले. बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी निवडून दिलेली समिती. तिला विचारल्याशिवाय तिकडे कंपनीला भिंतीवरचं घड्याळसुद्धा हलवता येत नाही.

मला ते आवडायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ते आवडत नसते तर ही गोष्ट फार सोपी झाली असती.

मी कार्ल्सरूहेला शिकलो आणि या कारखान्यात नोकरीला लागलो. मला भाषणांचं वावडं आहे. हार, शाल, श्रीफळ, "सत्कारमूर्ती" हा शब्द — यांची टिंगल करत मी मोठा झालो. जर्मनीत आल्यावर कळलं, की इथे शाल नसते, बाकी सगळं असतं. श्ट्रोमना हे माझं तिरकस बोलणं आवडायचं. कँटीनमध्ये समोर येऊन बसायचे आणि वाद उकरून काढायचे. "कोलेगे पेटे, तुझा कशावर विश्वास आहे का?" कोलेगे म्हणजे सहकारी; पेठे म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला तू म्हणायला लावलं होतं, युनियनवाले एकमेकांना तूच म्हणतात म्हणून. मी तोंडाने तू म्हणायचो आणि मनात अहो म्हणायचो. वडिलांच्या वयाचा माणूस, काय करणार?

तर — कारखाना विकला गेला. आधी एका जर्मन कुटुंबाचा होता, मग कुठल्यातरी गुंतवणूकवाल्यांचा झाला, मग पुण्याच्या एका कंपनीने घेतला. गावात काही दिवस आशा होती. मग ठरलं, की प्रेस मशिनं खोलून चाकणला न्यायची आणि इथला कारखाना बंद करायचा. ही हलवाहलव सांभाळायला दोन्ही भाषा येणारा, दोन्हीकडचा माणूस हवा होता. तो मी. मला बढती मिळाली. श्ट्रोमनी येऊन हात मिळवला आणि म्हणाले, "अभिनंदन. वाईट काम आहे. तुझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर अजून वाईट झालं असतं."

हे वाक्य मला अजून टोचतं.

त्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक होऊन गेला होता. काही खिडक्यांतले झेंडे उतरलेही नव्हते, तेवढ्यात चाकणहून आमचे फिटर आले. सात-आठ जण. त्यांचे म्होरके सावंत. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, रुंद, सतत काहीतरी बोलणारे. बाकीचे त्यांना मामा म्हणायचे. तरुणपणी चिंचवडच्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली होती, तेव्हा सावंत बरेच महिने गेटसमोरच्या मांडवात बसले होते. ते दिवस ते लग्नाच्या वरातीसारखे सांगायचे. कोण फुटून आत गेला, त्याच्याशी अजून कोण बोलत नाही, त्याच्या पोराच्या बारशाला कसं कोणी गेलं नाही. "साहेब, माणसानं चोरी करावी, पण संपात आत जाऊ नये," हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

जर्मन कारखान्यांत दुपारी जेवायच्या वेळी कोणीही भेटलं तरी "माल्त्साइट" म्हणायची पद्धत आहे. अर्थ साधारण "चला, जेवायची वेळ झाली" असा. दारात, जिन्यात, अगदी मुतारीतही म्हणतात. सावंतांना हे फार आवडलं. ते "माल्त्साइट!" असं खंडोबाच्या येळकोटाच्या थाटात म्हणायचे. सुरुवातीला जर्मन दचकले, मग हसू लागले, मग तेही तसंच ओरडायला लागले. ज्यांची यंत्रं खोलायला ही माणसं आली होती, ते लोक त्यांना रोज हसून उत्तर द्यायचे. यात श्ट्रोमचा हात होता. ते आपल्या लोकांना सांगत फिरायचे, की नोकऱ्या या माणसांनी घेतलेल्या नाहीत, ज्यांनी घेतल्या ते इथे जेवायला येत नाहीत.

मग युनियनने ठरवलं, की एक दिवस काम बंद ठेवायचं. कारखाना वाचणार नव्हता, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. पण जाणाऱ्यांना नीट काही मिळावं, नवं काम शिकायला वेळ मिळावा, यासाठी बोलणी अडली होती. गुरुवारी काम बंद. प्रश्न एकच होता. जर्मन बाहेर उभे राहिले आणि मराठी माणसं आत जाऊन मशिनं खोलत बसली, तर त्या बंदला अर्थ काय?

श्ट्रोमच्या लोकांचा उपाय सरळ होता — फिटरांची बस यायच्या रस्त्यावर गाड्या आडव्या लावायच्या. श्ट्रोम म्हणाले, नाही. आधी त्यांना विचारू. कोणी सुचवलं, की कार्ल्सरूहेहून बाहेरचा दुभाषा आणू. श्ट्रोम म्हणाले, कशाला? आपला पेटे आहे ना.

त्याआधीच्या रविवारी त्यांनी सगळ्या फिटरांना आपल्या बागेत बोलावलं. तिकडे फ्लॅटमध्ये राहणारे लोक गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा भाड्याने घेतात, त्यात भाज्या लावतात, एक लाकडी खोपटं बांधतात आणि कुंपणाच्या उंचीवरून शेजाऱ्याशी भांडतात. श्ट्रोमचं खोपटं पक्षाच्या जुन्या पोस्टरांनी भरलेलं होतं. एका पोस्टरवर तरुणपणीचे ते स्वतः होते, केस सगळे होते. सावंत ते बघून म्हणाले, "पेठेसाहेब, विचारा ना, हा हिरो कोण?"

त्यांनी बटाट्याचं सॅलड केलं होतं. त्यात नेहमी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. आमच्यातले तिघं शाकाहारी, हे त्यांनी आठवड्याभरापूर्वी मला विचारून ठेवलं होतं. ते तिघं आणि बाकीचे अशी दोन भांडी नकोत, म्हणून सगळंच साधं केलं होतं. चव — खरं सांगू? — काही नव्हती. सावंतांनी खिशातून चटणीची पुडी काढून सगळ्यांच्या ताटांत टाकली, श्ट्रोमच्याही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळे मनापासून हसले.

बघा, मी अजून बटाट्यांतच रेंगाळतो आहे.

जेवण झाल्यावर श्ट्रोम उभे राहिले. एवढ्याशा खोपट्यात सात-आठ माणसांपुढे उभं राहून बोलायची गरज नव्हती, पण सभेत उभं राहायचं हा त्यांचा नेम होता. आधी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. दोन वाक्यं बोलायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मी मराठीत सांगायचो. टूलरूम, युनियन, विधानसभा, बसथांबे, संडास — सगळं अगदी बरोबर सांगितलं, थोडी फोडणी देऊनच. सावंत मधेच म्हणाले, "आमदारकी एकदाच का हो?" मी विचारलं. श्ट्रोम म्हणाले, "हो ना, एकदा निवडून दिल्यावर लोकांना कळलं, मी कसा आहे ते." प्रचंड हशा. मी छान भाषांतर करत होतो. मला मजा येत होती.

मग ते गंभीर झाले. पुढचं ते काय म्हणाले, हे मला पाठ आहे. ते म्हणाले —

"गुरुवारी आम्ही काम थांबवणार आहोत. तुमच्याविरुद्ध नाही. मशिनं तुमच्याकडे जाणार आहेत, ती तिकडे चांगली चालोत. पण एक दिवस त्यांना कोणी हात लावू नये, एवढं मागतो. तुम्ही आत गेलात तर आम्ही बाहेर उभं राहून काही उपयोग नाही. तुमच्यावर दडपण असेल, घरी माणसं असतील, ते मी समजू शकतो. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण जे काय असेल ते आज सांगा, कारण उद्या मला माझ्या लोकांना शब्द द्यायचा आहे."

थांबले. माझ्याकडे बघितलं.

तुम्हाला वाटेल, की मला कोणी धमकावलं असेल. नाही. माझ्या साहेबाला त्या जेवणाचा पत्ताही नव्हता. कोणीही मला काहीही सांगितलेलं नव्हतं. माझ्याकडे कारणं आहेत, आणि मी ती चांगली मांडू शकतो. म्हणूनच मांडत नाही. इतकंच सांगतो, की शेवटची मोठी प्रेस त्या आठवड्यात खोलून व्हायची होती, ती राहिली असती तर मला वर उत्तर द्यावं लागलं असतं. आणि तो विचार माझ्या मनात यायला श्वासाइतकाही वेळ लागला नाही.

मी मराठीत म्हणालो, "ते म्हणतायत, गुरुवारी इथल्या लोकांचा गेटवर निरोपाचा कार्यक्रम आहे. जरा आवाज होईल, शिट्ट्या वाजतील, ढोल असतील. ही इथली पद्धत आहे, तुम्ही बिचकू नका. आपलं काम चालू ठेवा. आणि आमची मशिनं तिकडे नीट सांभाळा, एवढी विनंती आहे."

ते खोपटं, त्या खिडकीवरची टोमॅटोची वेल, सगळे माझ्याकडे बघताहेत — आणि पकडणारं कोणी नाही. ज्याला मराठी येतं त्याला जर्मन येत नाही, ज्याला जर्मन येतं त्याला मराठी येत नाही. भर दिवसा, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत मी हे केलं. असं सुरक्षित खोटं आयुष्यात किती वेळा बोलायला मिळतं?

सावंत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगा त्यांना, साहेब. शब्द दिला. पोटच्या पोरासारखी सांभाळू."

मी जर्मनमध्ये म्हणालो, "ते शब्द देताहेत."

पुढचं पोटच्या पोराबिरासारखं मी गाळलं. श्ट्रोमनी सावंतांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी ताटं उचलायला लागलो.

त्या संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय म्हणाले हो श्ट्रोम?" मी म्हणालो, "नेहमीचंच. भाषण."

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज कँटीनमध्ये माल्त्साइटची आरोळी. फिटरांच्या गेस्टहाउसवर जाऊन "अहो सावंत, त्या दिवशी माझी जरा चूक झाली" एवढं म्हणायचं होतं. जिना चढायला दोन मिनिटं. मी बुधवारी त्या रस्त्याने गेलोही. खाली गाडी उभी केली, वर दिवा दिसला, कोणीतरी मोठ्याने हसत होतं. मग मी घरी गेलो. का? — मला खरंच माहीत नाही. हात असून नसल्यासारखा झालो होतो. गोष्ट माझ्याच हातात होती आणि मी ती पावसाकडे बघावं तशी बघत होतो.

गुरुवारी सकाळी मी बसमध्ये होतो, ड्रायव्हरच्या शेजारी.

रस्त्यावर गाड्या आडव्या नव्हत्या. श्ट्रोमनी लावू दिल्या नव्हत्या. "त्यांनी शब्द दिला आहे," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. बस येणारच नाही म्हणून माणसं गेटपाशी सैलसर उभी होती, कोणी कॉफी पीत होतं. ढोल वाजत होते. बस वळली आणि ढोल थांबले. आधी एक, मग सगळे.

आमची माणसं खिडक्यांतून हात हलवत होती. त्यांना निरोपाचा कार्यक्रम बघायचा होता ना. कोणी मोबाइलवर फोटो घेत होतं. सावंतांना गर्दीत पुढे उभे असलेले श्ट्रोम दिसले. त्यांनी खिडकी सरकवली, दोन्ही हात जोडले आणि जोरात ओरडले, "नमस्कार, श्ट्रोमसाहेब!"

श्ट्रोमचा हात अर्धा वर गेला. उत्तर द्यायला गेला असावा, सवयीने. मग तो तिथेच राहिला.

शेजारचा कोणीतरी म्हणाला, "हे घे, एर्विन. तुझे भारतीय." ड्रायव्हरच्या बाजूची काच उघडी होती, मला स्पष्ट ऐकू आलं. त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता. कीव होती. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. ती सुटलेली नव्हती. बस आत गेली.

दुपारी साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या लोकांना यापासून दूर ठेवलंत, उत्तम केलंत." मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सावंत कँटीनमध्ये शिरले आणि नेहमीच्या थाटात "माल्त्साइट!" म्हणाले. कोणी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. मग बाकीच्यांनी म्हणून पाहिलं. कारखाना बंद होईपर्यंत, सगळी थंडीभर, तो माणूस रोज दारात उभा राहून माल्त्साइट म्हणत राहिला आणि रोज भांड्यांचा आवाज तेवढा आला. हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. शेवटी शेवटी ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणायचे.

एकदा त्यांनी मला गाठलं. "साहेब, खरं सांगा. आमचं काही चुकलं का?"

मी म्हणालो, "छे हो. थंडी पडली की हे लोक असेच होतात."

परदेशात राहणारा प्रत्येक माणूस हे वाक्य कधी ना कधी वापरतो. हे लोक असेच असतात. किती सोयीचं आहे! सावंतांनी ते खरं मानलं. का मानू नये? मी तिथला, भाषा येणारा.

आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. ती जेवताना जर्मनमध्ये म्हणाली, की मैत्रिणीचे बाबा म्हणतात, भारतीय लोक संपफोडे आहेत. बायकोला तो शब्द कळला नाही. ती माझ्याकडे वळली, "काय म्हणतेय ती?" मी म्हणालो, "काही नाही, शाळेतलं भांडण." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी बोलता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं.

त्याच आठवड्यात श्ट्रोम माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. म्हणाले, "कोलेगे पेटे, एकच विचारतो. त्यांना वरून कोणी दम दिला का?"

तो क्षण. तुम्हाला दिसतो आहे ना? तो अख्खा माझ्यापुढे मांडून ठेवला होता.

मी म्हणालो, "घरी बायकामुलं असतात त्यांची."

"गेनाऊ," ते म्हणाले. तेच तर. "मला आधी कळायला हवं होतं. मी त्यांना असं विचारायलाच नको होतं." आणि माझा खांदा थोपटून गेले. माझा! तेच मला धीर देत होते.

पुढे वाटाघाटींतून ते बाजूला झाले. झाले, की केलं, कोण जाणे. बंदचा दिवस हास्यास्पद झाला होता, आणि ज्याच्या शब्दावर गेट मोकळं ठेवलं त्याने मग टेबलावर काय बोलायचं? दुसरा कोणीतरी बसला, काहीतरी पदरात पाडून घेतलं. श्ट्रोम असते तर जास्त मिळालं असतं का? मला माहीत नाही. कारखाना बंद होणारच होता, तो मी बंद केला नाही. मी फक्त एका माणसाची आयुष्यभराची पत घेतली, आणि दुसऱ्या माणसाच्या कपाळावर असं काहीतरी लिहून ठेवलं, जे त्या गावात सगळ्यांना वाचता येत होतं आणि त्याला एकट्याला नाही.

दोन-एक वर्षांनी पक्षाने श्ट्रोमचा सत्कार केला. इतकी वर्षं सभासद राहिलं की तिकडे मानपत्र आणि कोटाला लावायची पिन देतात. चौघांनी पितळी वाद्यं वाजवली, महापौर लांबलचक बोलले, त्यांनी श्ट्रोमच्या जन्मगावाचं नाव चुकवलं. एरवी मी हा प्रसंग वर्षभर पुरवून सांगितला असता. पण निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कारखान्यातलं कोणीच आलेलं नव्हतं.

श्ट्रोम उत्तरादाखल दोनच मिनिटं बोलले. म्हणाले, "मी एकदा दुसऱ्याचा शब्द स्वतःचा म्हणून माझ्या सोबत्यांना दिला. तसं करायचा मला अधिकार नव्हता. त्याचा दोष त्या भारतीय कोलेगेंना देऊ नका. चूक माझी होती."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसरं काय करतात सत्काराला?

शेवटचं भेटलो ते वृद्धाश्रमात. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली होती, बोलणं मंद झालं होतं, पण डोकं जागेवर होतं. दुपारची वेळ, शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ घोरत होते. श्ट्रोम म्हणाले, "मी शेकडो सभांत बोललो. दुभाषा घेऊन एकदाच. त्या बागेत. तुझ्या भाषेत ते माझ्यापेक्षा चांगलं वाटत होतं. पुन्हा एकदा म्हण ना."

मी म्हणालो, "काय म्हणू?"

"आल्झो, म्हणजे — मी म्हणालो होतो ते. गुरुवारी आम्ही काम थांबवणार आहोत. तिथपासून."

मग मी म्हटलं. मराठीत. या वेळी खरं, शब्दाला शब्द. गुरुवारी आम्ही काम थांबवणार आहोत, तुमच्याविरुद्ध नाही. मशिनं तुमच्याकडे चांगली चालोत. एक दिवस त्यांना कोणी हात लावू नये. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण जे असेल ते आज सांगा. ते डोळे मिटून ऐकत होते, चांगल्या हाताचं बोट चादरीवर हलकं आपटत होतं. भाषण संपलं, पण मी थांबलो नाही. त्याच आवाजात, त्याच चालीत पुढे बोलत राहिलो. "आणि हेर श्ट्रोम, हे मी त्या दिवशी सांगितलंच नाही. मी त्यांना खोटं सांगितलं. सावंतांना संप आहे हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते तुमच्या शेजारी उभे राहिले असते, तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडले असते. त्यांनी शब्द मोडला नाही. मी मोडला."

म्हणजे मी मघाशी म्हणालो, की हे कोणालाही सांगितलेलं नाही — ते तितकंसं खरं नाही. सांगितलं आहे. ज्याला कळणार नाही, याची खात्री होती त्याला.

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर समाधान होतं. "गेनाऊ," ते म्हणाले. "अगदी असंच."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

सावंत आता निवृत्त झाले आहेत, चिंचवडला मुलाकडे असतात. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. श्ट्रोम गेल्यानंतरच्या दिवाळीत त्यांनी विचारलं, आपला म्हातारा कसा आहे. मी म्हणालो, गेला. सावंत हळहळले. मग म्हणाले, "भला माणूस होता हो. पण शेवटी आमच्यावर कशानं रुसला, ते काही कळलं नाही."

सावंतांना मराठी येतं.

मी त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.